नोटेतला पायाळू

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या आणि त्यांच्या जागी आधी आली ती दोन हजाराची नोट. नवी पाचशेची मागून, रडतखडत आली. त्यामुळे सातारा-सांगलीच्या बाजारात खिशात दोन हजार आहेत पण चहाची सोय नाही, अशी माणसाची गत झाली, कारण सुट्टे कोणाकडेच नव्हते. नोट हातात आहे आणि खर्च होत नाही म्हटल्यावर माणूस काय करणार? ती बघत बसणार. उजेडाकडे धरायची, तिरकी करायची, मधली हिरवी पट्टी निळी होते का ते पाहायचे, मागच्या मंगळयानावरून बोट फिरवायचे. १६६ मिलिमीटर लांब आणि ६६ मिलिमीटर रुंद असा तो गुलाबी कागद त्या महिन्यात लोकांनी जितका निरखला, तितकी कुठली नोट कोणी निरखली नसेल.

त्याच सुमारास व्हॉट्सॲपवर तो निरोप फिरू लागला. नोटेत ‘नॅनो जीपीएस चिप’ बसवली आहे. तिला बॅटरी लागत नाही, कारण ती संकेत फक्त परतवते. उपग्रहाने विचारले की नोट आपला ठावठिकाणा आणि नंबर कळवते. एका जागी फार नोटा साठल्या की आयकर खात्याला लगेच समजते. जमिनीखाली १२० मीटरवर पुरली तरी सुटका नाही. १२० मीटर म्हणजे जवळजवळ चारशे फूट, माणदेशात बोअर मारताना पाण्याची आशा सुटायला लागते तेवढे खोल. काही हिंदी वृत्तवाहिन्यांनी तर उपग्रहातून किरण सुटतो आहे आणि नोट चमकते आहे अशी चित्रे करून अर्धा-अर्धा तास दाखवली. रिझर्व्ह बँकेने आणि तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी हे फेटाळले. पण खुलाशाचे चलचित्र कोणी केले नाही, त्यामुळे तो फार लांब गेला नाही.

आपल्या भागात असा निरोप पोचायला वेळ लागत नाही. विटा, खानापूर, आटपाडी, तसेच खटाव-माणच्या दुष्काळी पट्ट्यातली हजारो कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. केरळपासून पंजाबपर्यंत जिथे सराफकट्टा आहे तिथे आपला गलाईवाला आहे, आणि त्याचा फोन गावाशी जोडलेला आहे. रोकड आणि सोने हेच ज्यांचे रोजचे काम, त्यांच्याकडून आलेल्या गोष्टीला गावात वजन असते. तिकडे तासगावच्या बेदाण्याचे आणि सांगलीच्या हळदीचे सौदे, इकडे नुकताच पेटलेला उसाचा गाळप हंगाम. रोखीशी ज्याचा संबंध नाही असे घर या दोन जिल्ह्यांत शोधून सापडले नसते.

तरी ही अफवा भीतीने पसरली असे मला वाटत नाही. ती पसरली समाधानाने. आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन चार हजार रुपये बदलायला चार तास उभ्या असलेल्या माणसाला चिपची भीती कशाला वाटावी? त्याच्याकडे पुरण्याजोगे होतेच काय? त्याला आनंद वाटत होता तो दुसऱ्याच्या पुरलेल्या पैशाचा आता पत्ता लागणार याचा. रांगेत आपले पाय दुखताहेत, पण वाड्यातल्या माणसाची झोप उडाली आहे, हा दिलासा त्या निरोपात होता. म्हणूनच तो पुढे पाठवताना कोणी शास्त्र विचारले नाही.

आणि जमिनीखालचे धन दिसणारा डोळा ही कल्पना आपल्याला नवी कुठे आहे? पायाकडून जन्मलेला माणूस म्हणजे पायाळू. त्याच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला भुईतले गुप्तधन दिसते, पाण्याची शीर दिसते, हा समज महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या आहे. गुप्तधनाच्या नादाने किती घरे खणली गेली, किती जण लुबाडले गेले आणि काही ठिकाणी किती भयंकर प्रकार घडले, हे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे मांडले. या समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यावर राज्याने जादूटोणाविरोधी कायदा आणला. त्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तू, गुप्तधन आणि पाण्याच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा उल्लेख आहे. व्हॉट्सॲपच्या निरोपाने पायाळूला फक्त वर नेऊन ठेवले. अंजनाच्या जागी ‘नॅनो’ आले. गंमत म्हणजे अंगारे-धुपाऱ्यांना हसणाऱ्या शिकल्या-सवरल्या लोकांनीच हा नवा पायाळू डोक्यावर घेतला, कारण त्याच्या तोंडी उपग्रहाची भाषा होती.

तर त्या उपग्रहाचे आधी पाहू.

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि फक्त बोलतात. ‘मी अमुक उपग्रह, आत्ता अमुक जागी आहे, माझ्या घड्याळात अमुक वेळ आहे’ एवढेच ते अहोरात्र सांगत असतात. आपल्या फोनमधला ग्राहक निदान चार उपग्रहांचे असे संदेश पकडतो, ते पोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतरे काढतो आणि आपली जागा स्वतःच ठरवतो. खाली कोण ऐकतो आहे, कुठे बसून ऐकतो आहे, याचा उपग्रहाला पत्ता नसतो. आकाशवाणी सांगलीवरून बातम्या लागल्या तर पलूसच्या कोणत्या घरात रेडिओ चालू आहे हे निवेदकाला कळत नाही, तसेच हे. मग मोबाइलची जागा पोलिसांना कशी कळते? मोबाइल ती टॉवरला कळवतो म्हणून. तोंड उघडतो तो मोबाइल, आणि त्यासाठी त्याला चार्जिंग लागते. बॅटरी संपली की त्याची वाचा बसते.

आता हा वरून येणारा संदेश किती क्षीण असतो? तो जमिनीवर पोचतो तेव्हा एका वॅटच्या दहा लाखाव्या भागाचा दहा लाखावा भाग, आणि त्याचाही दहा हजारावा भाग, एवढीच त्याची ताकद उरलेली असते. फोनमध्ये खास त्यासाठी बनवलेला ग्राहक असतो, म्हणून तो ऐकू येतो. नोटेवर आपटून हाच संदेश परत वीस हजार किलोमीटर चढून जाणार आणि वर गेल्यावर कोणाला तरी ऐकू येणार, असे मानायचे असेल तर मग पायाळूच बरा. तो निदान वाड्यापर्यंत चालत तरी येत असे.

जमिनीखालचे तर विचारूच नका. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यात शिरले की नकाशावरचा निळा ठिपका भांबावतो. फोन आधीच्या वेगावरून अंदाज बांधून थोडा वेळ त्याला पुढे ढकलतो, पण उपग्रहाशी त्याची गाठ तुटलेली असते. डोंगराच्या पोटात भल्या मोठ्या फोनची ही कथा. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची पेवे होती, त्यांतली थोडी अजून आहेत. तोंड अरुंद, आत पोट मोठे, खोली वीस-पंचवीस फूट. तिथे पोत्यांखाली नोटांचा गठ्ठा ठेवला असता तर कृष्णाकाठच्या ओल्या मातीतून या लहरी हातभरसुद्धा धड गेल्या नसत्या. पाणी त्यांना शोषून घेते. चारशे फुटांचा आकडा निरोप लिहिणाऱ्याने आणला कुठून कोण जाणे. कदाचित शंभर फूट म्हटले असते तर फेकाफेक वाटली असती, म्हणून चारशे.

मात्र निरोपातली एक गोष्ट अगदीच हवेतली नव्हती. धातूची पातळ पट्टी रेडिओ लहरी परतवते हे खरे आहे. दुसऱ्या महायुद्धात, जुलै १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी हॅम्बुर्गवर हल्ला करताना अशा पट्ट्यांचे ढीगच्या ढीग हवेत उधळले. जर्मन रडारवर सगळीकडे विमानेच विमाने दिसू लागली. पण त्या पट्ट्यांनी रडारला आंधळे केले, डोळे दिले नाहीत. परतलेल्या लहरीला नाव-गाव नसते. वेफर्सची पिशवी, शाम्पूची पुडी, नोटेतला धागा, सगळ्यांचा प्रतिध्वनी सारखाच. उपग्रहाला नोटेचा धागा दिसला असता तर आधी त्याला आपल्या गावोगावचे उकिरडे दिसले असते.

आणि तो धागा तरी काय आहे? नोटेचा कागद कापसाच्या लगद्याचा असतो. लगदा ओला असतानाच, कागद बनत असताना, प्लास्टिकची एक बारीक पट्टी त्यात सोडतात. तिच्यावर धातूचा आणि रंग बदलणाऱ्या शाईचा थर असतो. दोन हजाराच्या नोटेत ही पट्टी कागदाच्या आत-बाहेर जाते, म्हणून ती तुटक दिसते. तिच्यावर ‘भारत’, ‘आरबीआय’ आणि २००० अशी अक्षरे आहेत आणि नोट कलती केली की हिरव्याची निळी होते. तेव्हा कितीकांनी ही पट्टी नखाने उकरून पाहिली आणि चिपच्या शोधात चांगल्या नोटेचे मातेरे केले. पट्टीचे काम साधे आहे. रंगीत झेरॉक्सवाल्याला ती जमू नये, एवढेच.

खरी बिनबॅटरीची चिप बघायची असेल तर आनेवाडीच्या किंवा तासवड्याच्या टोलनाक्यावर जावे. गाडीच्या काचेला चिकटवलेला फास्टॅग हाच या अफवेचा खराखुरा चुलतभाऊ. तो उजेडासमोर धरला तर आत धातूच्या पातळ पत्र्याची नक्षी दिसते. ती त्याची अँटेना. तिच्या मधोमध मोहरीहूनही लहान काळा ठिपका असतो, ती चिप. टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावर डोक्यावर बसवलेले यंत्र रेडिओ लहरींचा मारा करते, त्याच ऊर्जेवर चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगून पुन्हा झोपते. हे चालते ते फक्त काही मीटरांत. काच धुळीने माखली असेल, टॅग दुमडला असेल, गाडी फार चिकटून उभी असेल तर तेवढ्यातही चालत नाही. मग ट्रक मागे घ्या, पुढे घ्या, नाक्यावरचा पोरगा हातातले यंत्र काचेला टेकवणार, मागच्यांचे हॉर्न वाजणार, शिव्या झडणार. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि ‘उपग्रहातून चिप वाचतात’ या गोष्टीचे प्रात्यक्षिक सगळ्यांना रोज फुकटात बघायला मिळू लागले.

नोटेत अशी चिप घालायचा विचार जगात कोणी केलाच नाही, असेही नाही. जपानच्या हिताची कंपनीने २००१ मध्ये ०.४ मिलिमीटर लांबी-रुंदीची चिप जाहीर केली. पुढे २००५ च्या आइची येथील जागतिक प्रदर्शनाच्या तिकिटांत ती वापरलीही गेली. युरोपच्या मध्यवर्ती बँकेने युरोच्या नोटांत चिप घालायचे ठरवले आहे, अशा बातम्या २००१ च्या अखेरीस आल्या होत्या. नोटांत काही ती आली नाही. चिप मिठाच्या कणाएवढी करता येते, पण ती किती लांबून वाचायची हे अँटेनेवर ठरते. हिताचीची चिप बाहेरची अँटेना जोडूनही वीतभर अंतरावरूनच वाचता येत असे. त्यात नोटा गठ्ठ्याने राहतात. शंभर अँटेना एकमेकींना चिकटल्या की एकमेकींचे काम बिघडवतात, आणि गठ्ठा लोखंडी कपाटात गेला की विषयच संपला. शिवाय खर्च आहे. दोन हजाराची एक नोट छापायला ३ रुपये ५४ पैसे ते ३ रुपये ७७ पैसे पडतात, असे सरकारने २०१७ मध्ये संसदेत सांगितले होते. चिप आणि अँटेनेने तो खर्च किती वाढला असता? मार्च २०१८ अखेर अशा सुमारे ३३६ कोटी नोटा चलनात होत्या. आणि समजा हे सगळे जमले असते, तर ते आयकर अधिकाऱ्याआधी पाकीटमाराच्या उपयोगी पडले असते. कोणाच्या खिशात किती आहे हे वाचणारे यंत्र एसटी स्टँडवर त्याच्याच हातात आधी दिसले असते.

अमेरिकेतही २००४ मध्ये वीस डॉलरच्या नोटेबद्दल हेच झाले होते. कोणी तरी नोटांचा गठ्ठा मायक्रोवेव्हमध्ये ठेवला, सगळ्या नोटा चित्रातल्या माणसाच्या डोळ्यापाशी जळाल्या, आणि तिथेच चिप असणार असे जाहीर झाले. एकावर एक रचलेल्या नोटा एकाच जागी जळणार, दुसरीकडे कुठे?

नोटेवर नजर ठेवायची खरी युक्ती मात्र जुनी आहे आणि ती नोटेच्या तोंडावरच छापलेली असते. तो तिचा नंबर. १८६१ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारच्या नोटा सुरू झाल्या, तेव्हा मोठ्या रकमा टपालाने पाठवताना व्यापारी नोट मधोमध कापायचे. एक तुकडा आज पाठवायचा आणि तो पोचल्याची खबर आली की दुसरा. वाटेत कोणी फोडले तरी त्याच्या हाती अर्धीच नोट लागायची. दोन्ही तुकडे जुळवून पाहता यावेत म्हणून नोटेच्या दोन्ही बाजूंना नंबर उपयोगी पडे. शंभराची नोट ही तेव्हा मालमत्ताच होती, तिचा नंबर वहीत उतरवून ठेवणे हा शहाणपणा मानला जाई.

नंबराने माणूस पकडला गेल्याची सर्वांत गाजलेली गोष्ट अमेरिकेतली. वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग याच्या तान्ह्या मुलाचे १९३२ मध्ये अपहरण झाले. पन्नास हजार डॉलरची खंडणी देताना नोटांचे नंबर लिहून घेतले होते आणि त्यांत ‘गोल्ड सर्टिफिकेट’ प्रकारच्या नोटा मुद्दाम घातल्या होत्या. पुढच्याच वर्षी सरकारने त्या नोटा परत मागवल्या, त्यामुळे अशी नोट कोणी दिली की डोळ्यांत भरू लागली. सप्टेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पेट्रोल पंपावरच्या माणसाला दहा डॉलरच्या अशाच नोटेचा संशय आला आणि त्याने नोटेच्या कडेला गाडीचा नंबर लिहून ठेवला. बँकेत ती नोट यादीशी जुळली, गाडीच्या नंबरावरून पोलीस दारात पोचले. नोटेने काहीच सांगितले नव्हते. पेन्सिल जवळ असलेल्या एका माणसाने लिहून ठेवले होते.

आपल्याकडे हेच काम लाचलुचपत प्रतिबंधक विभाग नेहमी करतो. सातारा-सांगलीच्या कुठल्याही वर्तमानपत्रात ‘लाच घेताना रंगेहाथ’ ही बातमी महिन्यातून दोन-चारदा असतेच, पण नोटेला छुपी खूण करण्याची खरी कला या बातमीच्या आत आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. सातबाऱ्यावरच्या नोंदीसाठी कोणी पाच हजार मागितले, तक्रारदार विभागाकडे गेला. आधी मागणीची पडताळणी होते. मग दुसऱ्या सरकारी कार्यालयातले दोन कर्मचारी पंच म्हणून बोलावतात. तक्रारदार नोटा टेबलावर ठेवतो. प्रत्येक नोटेचा नंबर पंचनाम्यात उतरवला जातो. मग नोटांना दोन्ही बाजूंनी अँथ्रासीनची पावडर लावतात. ही डांबरातून निघणाऱ्या एका रसायनाची पावडर साध्या उजेडात डोळ्यांना जाणवत नाही, पण अतिनील दिव्याखाली निळसर चमकते. पंचांना ते करून दाखवतात. आधी नोट दिव्याखाली धरली तर काही नाही, पावडर लावून धरली तर चमक. पावडर लावणारा कर्मचारी सापळ्याच्या पथकातून वगळला जातो, नाही तर त्याच्याच हाताची पावडर कुठे तरी लागायची आणि न्यायालयात वकील तेवढेच धरून बसायचा. नोटा तक्रारदाराच्या खिशात ठेवतात आणि त्याला बजावतात, मागितल्याशिवाय हात लावायचा नाही, हस्तांदोलनसुद्धा करायचे नाही.

पुढे इशारा होतो, पथक आत शिरते आणि दिवा लागतो. साहेबांची बोटे चमकतात. नोटा ड्रॉवरमध्ये टाकल्या असतील तर ड्रॉवरची कड चमकते. खिशात घातल्या असतील तर खिशाचे अस्तर. ‘माझ्या टेबलावर कोणी तरी ठेवून गेले’ असे म्हणायचे तर बोटांना काय लागले आहे ते सांगावे लागते. मग नोटांचे नंबर पंचनाम्यातल्या नंबरांशी एकेक करून ताडून पाहतात. इथे पावडर नोटेवरून माणसावर उतरते, हे तिचे वैशिष्ट्य. नोट कुठे आहे एवढेच कळून गुन्हा सिद्ध होत नाही, ती कोणी घेतली हे कळावे लागते, आणि एवढे करूनही मागणीचा पुरावा नसेल तर आरोपी सुटतो. उपग्रहाने खिशाचे अक्षांश-रेखांश कळवले असते तरी न्यायालयाने पहिला प्रश्न विचारला असता, मागितले होते का?

नंबर आधी लिहिलेला नसेल तर नंबर छापूनही उपयोग नसतो, हे खुद्द दोन हजाराच्या नोटेनेच दाखवले. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईतल्या एका कंत्राटदाराशी संबंधित ठिकाणी आणि वेल्लोरजवळ एका गाडीत नव्या कोऱ्या गुलाबी नोटांच्या कोट्यवधींच्या गड्ड्या सापडल्या. सामान्य माणसाला आठवड्याला मोजून काही हजार मिळत असताना हे घबाड कोणत्या बँकेतून बाहेर पडले? सीबीआयने नंबरांवरून माग काढायचा प्रयत्न केला. पण सुरुवातीच्या त्या घाईत कोणते नंबर कोणत्या बँकेला गेले याची नोंदच झाली नव्हती. अखेर २०२० मध्ये पुराव्याअभावी ते प्रकरण बंद झाले. चिप असल्याची हवा देशभर होती आणि तपास यंत्रणेच्या हातात नंबरांची वहीसुद्धा नव्हती.

ज्यांचा माग लागला त्यांचा तो बँकेच्या खात्यातून लागला. जुन्या नोटा खात्यात भरल्या की त्या नोटांवर नाव लागले. ३१ जानेवारी २०१७ ला आयकर खात्याने ‘ऑपरेशन क्लीन मनी’ सुरू करून खात्यांतला भरणा आणि विवरणपत्रे ताडून पाहिली आणि पहिल्या टप्प्यात सुमारे १८ लाख लोकांकडे विचारणा केली. निवडणुकीत जत-मिरजेकडच्या कर्नाटक सीमेवर किंवा शिरवळला स्थिर पथके उभी असतात, तीही डिकी उघडूनच रोकड शोधतात. पन्नास हजारांवर रोकड असेल तर कागद दाखवावे लागतात. कुत्र्याला वास येतो, पोलिसाला संशय येतो, शेजारी खबर देतो. नोट मुकीच राहते.

एकूण पाहता चिपच्या अफवेने कोणाचे कपाट रिकामे केले नाही. दहा रुपयांच्या नाण्याच्या अफवेने त्याहून जास्त त्रास दिला. अमुक ठशाचे नाणे खोटे, तमुक बंद झाले, असे म्हणत दुकानदार आणि गिऱ्हाईक एकमेकांना नाणी परत करत राहिले, तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की चौदाही ठशांची नाणी चालतात. आजही काही गावांत भाजीवाली दहाचे नाणे पाहून नाक मुरडते. चिपच्या अफवेला गिऱ्हाईक मिळाले ते गप्पांत. नाण्याच्या अफवेला व्यवहारात मिळाले, कारण ती मानण्यात नुकसान नव्हते, न मानण्यात होते.

नोटा कुठे आहेत हे सगळ्यांना ठाऊक असणे म्हणजे काय, याचाही एक दाखला सांगलीत आहे. १४ नोव्हेंबर २०१६ ला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला आणि बदलून द्यायला बंदी केली. सोसायट्यांचे कर्ज, उसाची बिले, दुधाचे पगार ज्या बँकेवर चालतात तीच बँक नेमक्या हंगामात मधूनच बाजूला झाली. आधी आलेल्या बहुतेक नोटा पुढे २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने घेतल्या. पण राज्यातल्या आठ जिल्हा बँकांच्या सुमारे ११२ कोटींच्या नोटा राहूनच गेल्या. त्यांत सांगलीच्या बँकेच्या सुमारे पावणेपंधरा कोटींच्या होत्या, शेजारच्या कोल्हापूरच्या त्याहून जास्त. २०१८ मध्ये ही रक्कम तोट्यात दाखवायला सांगितले गेले आणि बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तिजोरी माहीत, कुलूप माहीत, बंडले मोजलेली, त्यांचा हिशेब लिहिलेला. उपग्रहाची गरजच नव्हती. तरी त्या नोटांचे मोल कागदाएवढेच उरले.

दोन हजाराच्या नोटेचे आयुष्यही फार नव्हते. २०१८-१९ नंतर ती छापलीच नाही, आणि १९ मे २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने ती मागे घेतली. तेव्हा ३.५६ लाख कोटी रुपयांच्या या नोटा बाहेर होत्या. बदलून घ्यायची मुदत ३० सप्टेंबर होती, ती वाढवून ७ ऑक्टोबर केली. अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त परत आल्या. पण २०२५ च्या मध्यालाही सुमारे सहा हजार कोटींच्या नोटा परतलेल्या नव्हत्या, आणि त्या कुठे आहेत हे रिझर्व्ह बँकेला सांगता येत नाही. काही नेपाळ-भूतानकडे गेल्या असतील, काही जळाल्या असतील, काही २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णेला मिळाल्या असतील, काही कोणाच्या तरी आजीच्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीत असतील. ही नोट अजूनही कायदेशीर चलन आहे. घरात सापडली तर बँकेच्या शाखेत आता घेत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसात जावे लागते, आणि महाराष्ट्रात ती मुंबई, बेलापूर आणि नागपूरला आहेत. एवढ्या लांब जायचे नसेल तर ओळखपत्राची प्रत आणि खात्याचा तपशील जोडून कोणत्याही पोस्टातून पाठवता येते. पैसे खात्यात जमा होतात.